सरावातले शेवटचे दोनशे फूट

२१ जून १९७२ रोजी फ्रान्समधील इस्त्रेस येथे वैमानिक ज्याँ बूले यांनी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. उंचीचा विक्रम झाला, पण त्या गोठवणाऱ्या उंचीवर इंजिन विझले आणि पुन्हा सुरूच झाले नाही. बूले तिथून इंजिनाविना सुखरूप उतरले. हेच लामा आपल्याकडे चीता म्हणून बनले आणि सियाचिनच्या जवानांना रसद पोचवत राहिले.

बारा किलोमीटरवरून असे इंजिनाविना उतरता येते. मग प्रशिक्षणाच्या मैदानावर, इंजिन धडधाकट असताना, नेमक्या याच उतरण्याच्या सरावात हेलिकॉप्टर का मोडतात?

इंजिन थांबताच वैमानिकाने डाव्या हाताचा कलेक्टिव्ह दांडा खाली करायचा असतो. पात्यांचा कोन कमी होतो आणि हेलिकॉप्टर खाली येताना खालून वर वाहणारी हवा त्यांना जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखे फिरवत ठेवते. हे ऑटोरोटेशन. इंजिन आणि रोटर, म्हणजे ही फिरणारी पाती, यांच्यामध्ये एकाच दिशेने पकड घेणारा क्लच असतो, म्हणून बंद इंजिन पात्यांना अडवत नाही. उंची खर्च होते, पात्यांचे फेरे टिकतात.

कसोटी लागते ती जमिनीजवळ. शिकाऊ वैमानिकांच्या हाती जगभर दिसणारे रॉबिन्सन आर-२२ घ्या. त्याला दोनच पाती, तीही हलकी. त्यामुळे फेरे फार झपाट्याने घटतात. ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने खाली येताना साधारण ४० फुटांवर नाक उचलून वेग कमी करायचा, ८ फुटांच्या आसपास हेलिकॉप्टर सपाट करायचे आणि कलेक्टिव्ह उचलायचा. पात्यांत साठलेली ऊर्जा इथे एकदाच वापरता येते, आणि ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेरे १० टक्के घटले तर १९ टक्के ऊर्जा जाते. २० टक्के घटले तर ३६ टक्के.

सरावात इंजिन बंद करत नाहीत, थ्रॉटल कमी करतात, आणि बहुतेक वेळा जमिनीला टेकण्याआधी पुन्हा शक्ती घेतात. घात होतो तो याच टप्प्यावर. नाक जास्त उचलले तर शेपटीचा रोटर जमिनीला घासतो. कडेला सरकत टेकले तर खालची स्किड (टेकण्याची दांडी) अडकून हेलिकॉप्टर कलंडते. आणि कधी प्रशिक्षक, शिकणाऱ्याने स्वतःच सावरावे म्हणून, क्षणभर जास्त थांबतो. इंजिनाला वेग घ्यायला लागणारा वेळच मग उरत नाही. हे तिसरे कारण मला सर्वांत अस्वस्थ करते, कारण त्यामागे निष्काळजीपणा नसतो, चांगले शिकवण्याची तळमळ असते.

यावर अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने दिलेला सल्ला साधा आहे. २०० फुटांच्या खाली जाण्याआधी वेग, फेरे, उतरण्याचा दर आणि दिशा तपासा. यांतले एकही बिघडले असेल तर सराव तिथेच सोडा आणि शक्ती घेऊन वर जा. सावरण्याचा प्रयत्न करत खाली जाऊ नका.

आपल्याकडच्या प्रशिक्षण संस्थांनी यात एका गोष्टीची भर घालावी: वेळेवर सोडलेला सराव शिकाऊच्या नोंदीत अपयश म्हणून लिहू नये.