एक खोली, एक पावसाळा

आमच्या गावाकडच्या घराचं माप सगळ्यांत आधी घेतलं ते एका लाकडाच्या व्यापाऱ्याने. २००८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. तो टेप घेऊन आला आणि भिंतींकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सपरीचे, म्हणजे तुमच्या भाषेत ओसरीचे, आठ सागवानी खांब, त्यांच्यावरच्या तुळया, दारांच्या चौकटी आणि माजघरावरचा लाकडी माळा एवढंच त्याने मोजलं. मग आगपेटीच्या पाठीवर हिशेब मांडून एक आकडा सांगितला. त्या पैशांत तेव्हा एक छोटी मोटार सहज आली असती. "माती तेवढी तुमची तुम्हाला राहू द्या," असं म्हणून तो हसला. आम्हीही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे घरी परतताना बसमध्ये लक्षात आलं.

घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. मुख्य दाराच्या चौकटीवर शके १८२९ कोरलं आहे, म्हणजे १९०७ साल. त्याआधी दोनच वर्षं, १९०५ मध्ये, पुसद तालुका वाशीम जिल्ह्यातून काढून यवतमाळला जोडला गेला होता. पणजोबांनी कापसाच्या पैशावर घर बांधलं, असं आमच्याकडे सांगतात. आधी ढेलज, मग अंगण, अंगणापलीकडे सपरी, तिच्या मागे माजघर, देवघर, धान्याचं बळद, स्वयंपाकघर आणि एका कोपऱ्यात बाळंतिणीची खोली. मागे न्हाणी, विहीर आणि गोठा. लहानपणी मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला'तून दारव्ह्याला उतरायचं आणि तिथून बैलबंडीने घरी. ती गाडी आता धावत नाही, गोठ्यात बैल नाहीत आणि घरात कायम राहणारी एकटी मोठी आई, माझी थोरली चुलती, तेव्हा पंचाहत्तरीला आलेली.

हिस्सेदार आम्ही चौघे चुलतभाऊ. दोघांचं मत सरळ होतं : लाकूड विकावं, पैसे वाटून घ्यावेत, मोठ्या आईसाठी दोन पक्क्या खोल्या बांधाव्यात. त्यांना लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. थोरला दादा म्हणाला, "किल्लारी विसरलास का?" ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड धाबं माणसांच्या अंगावर कोसळलं, हजारो माणसं झोपेतच गेली. तेव्हापासून मातीचं घर म्हटलं की आपल्याकडे पोटात गोळा येतो. दादाच्या बोलण्यात आईची काळजी होती. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मला दरवर्षी एक खोली द्या. दुरुस्त केलेली खोली पावसाळ्यात टिकली, तर पुढची घेईन. नाही टिकली, तर व्यापाऱ्याला फोन मीच करीन." या बोलीवर काम सुरू झालं.

पहिल्याच खोलीत मी तोंडावर पडलो.

ढेलजेपासून सुरुवात केली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसते. आता सांगायला लाज वाटते, पण कारण तेच होतं. भिंतींचे पोपडे खरवडले आणि शहरातल्यासारखा सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला, वर पिवळा रंग. मे महिन्यात सगळं गाव पाहून गेलं. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली. बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज आला. पोळ्याच्या आदल्या रात्री गिलाव्याचा दारभर तुकडा खाली आला आणि मागची माती भिजल्या भाकरीसारखी हाताला लागली.

गावातले जुने मिस्त्री, साठीच्या पुढचे, बघायला आले. बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मातीले बी दम घ्या लागते, भाऊ. तुमी तं तिचं तोंडच दाबलं."

या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढतेच. भिंतीवर मातीचा किंवा चुन्याचा लेप असेल, तर ती ऊन-वाऱ्याने बाहेर पडते. सिमेंटने वाट बंद केली की ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि भिंत आतून मऊ होते. शंभर वर्षं उभ्या असलेल्या भिंतीला मी एका उन्हाळ्यात आजारी पाडलं होतं.

मग मिस्त्रींच्या हाताखाली माझी शाळा सुरू झाली. आपल्याकडे शेतीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. लहानपणापासून हे शब्द ऐकत होतो, त्यांचा अर्थ साठी जवळ आल्यावर कळला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती आईसारखी, पण भिंतीला वैरीण. भिंतीला लागते ती पांढरी माती. ती चाळायची, गव्हाचं भुस आणि शेण घालून पायांनी तुडवायची, पाणी मारत काही दिवस कुजू द्यायची आणि मगच लावायची. बाहेरच्या अंगाला चुना. वणीकडे चुनखडीच्या खाणी आहेत, त्यामुळे चुना मिळायला अडचण नव्हती. अडचण होती ती धीराची. विरवलेला चुना पाण्याखाली महिनाभर मुरवला. त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी पडलं, तेव्हा माझ्या बायकोने विचारलं की आपण भिंत लिंपतो आहोत की पाक करतो आहोत.

माझी शंका तरीही जात नव्हती. म्हणून एका रविवारी सेवाग्रामला जाऊन आलो. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापू कुटी ही मूळची मीराबेनची झोपडी. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, सगळं आसपासचं. भिंतीवर मीराबेनने मातीतच उठावाची चित्रं काढलेली आहेत. ती कुटी अजून उभी आहे. तिथे भक्तिभावाने पाहणाऱ्यांच्या गर्दीत मी एकटाच छपराची पडवी किती पुढे आली आहे ते पाहत होतो. पाऊस भिंतीपर्यंत पोचूच नये अशी ती योजना. मातीच्या घराला डोक्यावर टोपी आणि पायात जोडे चांगले हवेत, बाकी ते आपलं आपण सांभाळतं.

आमच्या घराची टोपी फाटलेली होती आणि जोडे भिजलेले. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून क्रम बदलला : आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंती आणि सगळ्यांत शेवटी जमीन. सपरीच्या कोपऱ्यातली जी तडा मला घराच्या म्हातारपणाची खूण वाटायची, ती निघाली न्हाणीच्या फुटक्या नालीची करामत. वर्षानुवर्षं ते पाणी पायाशी मुरत होतं. नाली बांधून पाणी लांब परसात काढलं, तडा भरली, ती पुन्हा उघडली नाही. आठांपैकी तीन खांब बुडाशी उधईने खाल्ले होते. वाढईने सडका भाग कापून जुन्याच लाकडाचा तुकडा सांध्यात बसवला आणि खांब पुन्हा दगडी तळखड्यावर उभे केले. शेजारच्या गावात पडलेल्या वाड्याचं लाकूड आम्ही विकत आणलं. ते त्याच व्यापाऱ्याकडून. धंद्याला राग-लोभ नसतो, हेही शिकलो.

किल्लारीचं काय? ती भीती मी उडवून लावली नाही. यवतमाळमधल्या एका अभियंत्याला घर दाखवलं. त्याने सांगितलं की इथे छप्पर कवेलूंचं, म्हणजे धाब्याच्या मानाने हलकं, आणि ते मुख्यतः लाकडी सांगाड्यावर उभं आहे. तरी त्याने भिंतींचे कोपरे बांधून घ्यायला लावले, सुटलेल्या जागी आरपार दगड बसवायला लावले आणि माळ्यावर साठलेली माती उतरवायला लावली. ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या निघाल्या. एवढं ओझं डोक्यावर घेऊन मोठी आई इतकी वर्षं झोपत होती. दादाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

सगळंच जुनं राखलं अशी फुशारकी मी मारणार नाही. स्वयंपाकघरावर शेवटी टिनाच घातल्या, कारण गावात माकडं फार. एका उडीत वीस कवेलू फोडतात आणि नवीन कवेलू करणारे हात तालुक्यात शोधावे लागतात. न्हाणीत सिमेंट आलं, नळ आला, संडास घरात आला. मोठ्या आईला रात्री परसात पाठवून कुठला वारसा जपणार होतो?

बळदाच्या वर्षी वेगळाच पेच पडला. भिंतीआडची ही बंद खोली. वरून ज्वारी ओतायची, खालच्या भोकातून काढायची. आतून शेण आणि राखेने लिंपलेली. बळद नीट केलं, पण भरायचं काय? नव्वदच्या दशकापासून आमच्याकडे सोयाबीन पसरलं आणि ज्वारी आटत गेली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी जनावरं गेली, आणि जनावरांबरोबर शेण गेलं. ज्या गोठ्यात एकेकाळी वीस जनावरं बांधलेली असत, त्या घराच्या जमिनी सारवायला आम्ही शेण विकत आणलं. पाटी घेऊन आलेल्या बाईने पैसे मागितले तेव्हा मोठी आई दाराआड जाऊन बसली. घर नुसत्या भिंतींवर उभं नसतं, शिवारातल्या पिकावर उभं असतं, हे मला त्या पाटीने सांगितलं. आता देवघर आणि माजघर तेवढं सारवलेलं आहे. बाकी सगळीकडे शहाबादी फरशी आहे.

सगळ्यांत अवघड गेली ती बाळंतिणीची खोली. जेमतेम आठ हात लांब, खिडकी नाही, बाजेखाली शेगडी ठेवायचा खड्डा तसाच शाबूत. एव्हाना मला जुन्याचं वेड लागलं होतं. मी मिस्त्रींना बजावलं, "ही खोली होती तशीच्या तशी ठेवायची. एक कोनाडा हलवायचा नाही." मोठी आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ती सहसा मध्ये बोलत नसे.

"अंधारच ठेवाचा होता, तं मंग एवढे पैसे कायले लावले?" ती म्हणाली. "पाच बाळंतपणं काढली म्या इथं. दोन लेकरं इथंच गेली. कोनाडा राहू दे. भितीले खिडकी पाड."

आम्ही भावंडं तिच्या तीनच मुलांना ओळखत होतो. त्या संध्याकाळी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या भिंतीला खिडकी पाडायला सुरुवात झाली. भिंत पावणेतीन फूट जाड, उजेड आत यायला दीड दिवस लागला. मोठी आई आता त्याच खोलीत झोपते.

खिडकीची चौकट बसवून मिस्त्री हात धुवायला गेले. परत आले ते सपरीच्या पायरीवरच थांबले. जेवायला माजघरात या म्हटलं, तर थोडं अडखळले. मग म्हणाले, "माह्या आज्यानं या घरचं साल धरलं होतं. बाहेरून दरसाल याच भिती पोतारल्या त्यानं. आतून कशा दिसतात, ते त्याले मालूम नव्हतं." गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे सालगड्याचा वेगळा पेला असायचा, तो मी लहानपणी पाहिला आहे. त्याकडे बोट दाखवून मी विचारलं, हा बुजवायचा का? ते म्हणाले, "बुजवू नका. पोराले दाखवीन." जेवण मात्र त्यांनी माजघरातच केलं, आणि तिथल्या भिंतीचा एक कोपरा चुकला आहे हे मला घास घेता घेता सांगितलं.

हे सारं व्हायला नऊ उन्हाळे लागले. मध्ये दोन वर्षं पीक बुडालं, घरातून हात अखडता झाला, तेव्हा काम बंद होतं. खर्च किती झाला, असं लोक विचारतात. व्यापाऱ्याने सांगितलेल्या रकमेपेक्षा जास्तच झाला. एकदम करायला गेलो असतो तर पहिल्याच वर्षी पैसा संपला असता, आणि सगळ्या घराला मी सिमेंट फासून बसलो असतो ते वेगळंच. एका खोलीतली चूक पावसाळा दाखवून देतो. ती दुसऱ्या खोलीत नेली नाही, म्हणजे झालं. कुणाचं असं घर गावी असेल, तर माझा सल्ला एवढाच : पहिली फेरी भर पावसात मारा. घर कुठे रडतंय ते उन्हाळ्यात कळत नाही.

दादा आता दिवाळीला येतो, खिडकीच्या खोलीत आईपाशी बसतो. घर विकायचं की ठेवायचं हा विषय निघत नाही, पण मिटला आहे असंही नाही. आमच्या मुलांत पुण्याला सहा, अमेरिकेत एक आणि गावात शेती करणारा एक. सारवण घालणारे हात घरात उरले आहेत ते मोठ्या आईचे आणि थोडेफार माझ्या बायकोचे. त्यांच्यानंतर फरशीच येणार, हे मला दिसतं आहे.

गोठा तेवढा राहिला आहे. गावातला पुतण्या म्हणतो, तिथे ट्रॅक्टर उभा करू. मोठी आई म्हणते, एक गाय घ्या, निदान शेण तरी घरचं होईल. दोघांचंही म्हणणं मला पटतं. पावसाळ्यानंतर ठरवू म्हटलं आहे.