रंगाच्या आधी सांगाडा!

जुनी गाडी नव्यानं उभी करायची म्हणजे झकास रंग द्यायचा, असा आपल्या बऱ्याच जणींचा समज असतो. पण खरं दुखणं असतं रंगाखाली, अगदी सांगाड्यात! सासऱ्यांची १९६८ सालची महिंद्रा जीप, उंच बॉनेटवाली सीजे-३बी, दुरुस्तीला काढली तेव्हा हे नीट कळलं. पुढे माझा मुलगाच ती चालवणार, म्हणून मी गॅरेजमध्ये ठाणच मांडलं.

सगळ्याच गाड्यांची बॉडी सुटी होत नाही, बरं का! ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीची बॉडी हाच तिचा सांगाडा. जीपचं तसं नाही. खाली शिडीसारखी पोलादी फ्रेम, तिच्यावर इंजिन नि गिअरबॉक्स आणि वर बोल्टांनी बसवलेली पत्र्याची बॉडी.

‘‘बोल्ट काढायचे नि उचलायची,’’ गॅरेजमधली पोरं म्हणाली. मिस्त्री मात्र शांतपणे म्हणाले, ‘‘वहिनी, उचलायचं काम अर्ध्या तासाचं. तयारी पंधरा दिवसांची.’’

आधी बॅटरी सोडली. मग सीटखालची पेट्रोलची टाकी रिकामी करून लांब नेली. टाकी आत असेपर्यंत गॅसकटर पेटवायचा नाही, हा कडक नियम! गंजलेल्या बोल्टांना चार दिवस तेल पाजलं. स्टिअरिंग, गिअरचे दांडे, पेडल, हँडब्रेकची केबल, सगळं सुटं केलं. माझ्याकडे काम नोंदींचं. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी नि नंबर, सोडण्याआधी मोबाइलवर फोटो. बॉडी आणि फ्रेममधल्या पॅडखाली कुठे किती पट्ट्या होत्या, तेही लिहिलं. त्या चुकल्या तर पत्र्यावर ताण येतो.

तळाचा पत्रा सडलेला होता. तशीच उचलली असती, तर बॉडी मधोमध वाकली असती. म्हणून आतून लोखंडी अँगल आडवे-तिरपे वेल्ड करून तिला आधार दिला. मग रुंद पट्टे मजबूत जागी लावून चेन-ब्लॉकनं उचलली, फक्त चार बोटं. आणि थांबलो! सगळ्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. मागच्या दिव्याची वायर अजून फ्रेमला धरून होतीच. ती सोडवली, मगच पुढे. लटकत्या बॉडीखाली कुणी हातही घालायचा नाही. चाकांवरची फ्रेम बाहेर ढकलली नि बॉडी लगेच लाकडी ओंडक्यांवर टेकवली.

फ्रेम घासली, तेव्हा मागच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ केसाएवढी चीर दिसली. छातीत धस्स झालं! नुसता रंग देऊन गाडी रस्त्यावर आणली असती, तर ती चीर कुणाला दिसली असती?

फ्रेम बदलायच्या फंदात मात्र आम्ही पडलो नाही. आरसी बुकातला चेसिस नंबर तिच्यावरच कोरलेला असतो, तो घासून जाता कामा नये. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवायची, तर चेसिस, बॉडी वा इंजिनमध्ये मोठा फेरबदल चालत नाही. म्हणून आधी फ्रेमचे कर्ण मोजून ती सरळ असल्याची खात्री केली, मग जाणत्या वेल्डरकडून चीर सांधून घेतली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या जुन्या जीपला कुणी ‘वरच्या वर चकाचक करून देतो’ म्हणालं, तर रंग निवडण्याआधी एवढंच विचारा, ‘‘बॉडी काढून फ्रेम दाखवणार का?’’