केळे निर्धोक, माती मात्र विषारी

मार्टिनिक आणि ग्वाडलूप ही कॅरिबियन समुद्रातली फ्रान्सची बेटे. केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्यावर उपाय म्हणून तिथे १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन हे कीटकनाशक बागांमध्ये टाकले गेले. ते बनवणाऱ्या अमेरिकेतल्या होपवेल गावच्या कामगारांना अंग थरथरण्याच्या विकाराने घेरले आणि १९७५ मध्ये तिथला कारखाना बंद पडला. तरीही फ्रान्सने बंदी घातली ती १९९० मध्ये, आणि बेटांना पुढे १९९३ पर्यंत सूट दिली. ही सूट मला अक्षम्य वाटते. आज तिथल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या रक्तात हे विष आढळते.

ते केळ्यांतून पोटात जाते, असा पहिला गैरसमज. केळ्याचा घड जमिनीपासून उंच लागतो आणि फळापर्यंत हे रसायन जवळजवळ पोहोचतच नाही. धोका आहे तो त्याच जमिनीत नंतर लावलेल्या रताळी, कोनफळ, अळकुड्या यांसारख्या कंदांना, चरणाऱ्या जनावरांना, अंगणात माती टोचणाऱ्या कोंबड्यांना आणि ओढ्यांतून समुद्रात उतरणाऱ्या पाण्यामुळे किनाऱ्याजवळच्या मासळीला.

‘जालीम ऑक्सिडीकारक ओतला की विष जळून जाईल,’ हेही अनेकांना पटते. पण क्लोरडेकोनच्या रेणूत दहा कार्बन अणूंचा पिंजरा आहे आणि त्याला दहा क्लोरीन अणू चिकटलेले आहेत. क्लोरीनने कार्बनचे इलेक्ट्रॉन आधीच ओढून घेतलेले असल्याने ऑक्सिडीकारकाला काढून घ्यायला फारसे उरत नाही. म्हणून उलट वाट धरावी लागते, इलेक्ट्रॉन देण्याची. लोखंडाची बारीक पूड आणि वनस्पतिजन्य सेंद्रिय द्रव्य मातीत नीट मिसळतात, पाणी देऊन हवा आत जाऊ देत नाहीत. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडते, एकेक क्लोरीन सुटतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. मात्र सगळे क्लोरीन सुटत नाहीत. त्यामुळे मूळ विष किती घटले एवढेच मोजून भागत नाही; मागे कोणते रेणू उरले, ते पाण्यात जास्त विरघळतात का, हेही तपासावे लागते.

हा उपाय सगळीकडे सारखाच लागू पडेल, ही अपेक्षा सर्वांत महागात पडते. मार्टिनिकच्या नायटिसोल मातीत चाचण्यांमध्ये निम्म्याहून अधिक क्लोरडेकोन घटले. ज्वालामुखीच्या उतारावरच्या अँडोसोल मातीत मात्र फारच कमी. या मातीतले ॲलोफेन नावाचे खनिज अतिसूक्ष्म छिद्रांचे असते. विष त्यात अडकून पडते आणि उपचाराचे द्रव्यही तिथवर शिरत नाही. गंमत अशी की त्याच अडकण्यामुळे अँडोसोलमध्ये विषाचा साठा जास्त असूनही कंदांत ते तुलनेने कमी उतरते. नुसता मातीचा आकडा पाहून पीक ठरवणारा इथे फसतो.

विष नष्ट झाले नाही तर उपाय वाया गेला, असेही नाही. सक्रिय कार्बन मातीत मिसळला तर तो क्लोरडेकोन घट्ट धरून ठेवतो. डुकरांच्या पिल्लांवरील प्रयोगांत मातीबरोबर पोटात गेलेल्या विषाचे शोषण त्याने बरेच घटले. मातीत साठा तेवढाच राहिला, तरी कोंबड्या-डुकरे पाळणाऱ्या घराला हा फरक मोठा आहे. आणि कंदाची साल जाड सोलून काढली की ताटातले विषही कमी होते, कारण बराचसा भाग सालीतच असतो.