माहूरच्या परिसरातले पृष्ठवंशी

पाठीत मणक्यांची माळ असलेले प्राणी म्हणजे पृष्ठवंशी. माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्यांजवळ बसलेले वानर पाहावे. त्याचा कणा थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेला असतो. अंगावर केस आणि पिलाला आईचे दूध, म्हणून ते सस्तन. त्याच्या मानेत माणसाइतकेच, अगदी उंच जिराफाइतकेच, 7 मणके असतात, हे खरोखर नवल आहे.

खाली पैनगंगेतले मासे कल्ल्यांनी श्वास घेतात. मरळ मात्र पाण्याबाहेर तोंड काढून हवाही घेते. पहिल्या पावसात ओरडणारा बेडूक उभयचर: पिलाला कल्ले, मोठेपणी फुप्फुसे, शिवाय ओलसर त्वचेतूनही श्वास. साप, कासव, घोरपड हे सरपटणारे. त्यांची कातडी कोरडी, खवल्यांची. अंग तापवायला घोरपड सकाळी दगडावर ऊन खात पडते. सागाच्या रानातल्या मोराला ती गरज नाही, कारण पक्षी उष्ण रक्ताचे. आज पिसे फक्त त्यांनाच आहेत.