भिंतीच्या पोटातली हवा

वर्ध्याजवळच्या या बांधकामावर मिस्त्री वीट आडवी निजवत नाहीत, कडेवर उभी करतात. एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या अंगाला, मध्ये साधारण चार बोटे फट. मग दोन्ही अंगांना बांधून ठेवणारी एक आरपार वीट. पुन्हा दोन उभ्या, पुन्हा एक आरपार. भिंतीची जाडी नेहमीचीच, नऊ इंच. पण तिच्या पोटात बंद कप्प्यांची रांग तयार होते आणि त्यांत हवेखेरीज काही नसते.

ही रॅट ट्रॅप बाँडची बांधणी. इंग्लंडमध्ये ती जुनीच. भारतात तिला मान मिळवून दिला तो 1917 साली बर्मिंगहॅमला जन्मलेल्या आणि केरळात रमलेल्या लॉरी बेकर यांनी. घर पाच मैलांच्या परिघात मिळेल त्या सामानाचे असावे, हा गांधीजींचा विचार बेकर आवर्जून सांगत.

विदर्भात या हवेला मोल आहे. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती धग आतल्या अंगाला पोचते ती अंधार पडल्यावर, नेमकी झोपायच्या वेळी. मग कूलर पहाटेपर्यंत घरघरत राहतो. कोंडलेल्या हवेतून उष्णता विटेपेक्षा सावकाश सरकते, म्हणून पोकळ भिंत आतून कमी तापते.

खर्चाचा हिशेबही सरळ आहे. भरीव नऊ इंची भिंतीला चौरस मीटरला शंभरेक विटा लागतात, इथे पंचाहत्तर-ऐंशीत भागते. वीट उभी असल्याने थराची उंची वाढते. तीन मीटर भिंतीला पस्तीसऐवजी पंचवीसच थर. तेवढ्या विटा भट्टीत भाजाव्याच लागत नाहीत, ही बचत घरात राहायला जाण्याआधीच पदरात पडते.

खरे कसब मात्र माल टाकताना लागते. थापीभर माल थरावर पसरला की थोडा फटीत पडणारच. पडलेला माल तळाशी साचतो, दोन्ही अंगांना जोडतो आणि उष्णतेला वाट मिळते. त्यासाठी मिस्त्रींनी फटीच्या मापाची लाकडी पट्टी करून घेतली आहे. ती फटीवर ठेवायची, दोन्हीकडे माल लावायचा, पट्टी उचलून झटकायची, पुढे सरकवायची. नव्या पोराने घाईत तशीच थापी मारली, तेव्हा मिस्त्री वरच्या फळीवरून ओरडले, "पट्टी ठेव पहिले, मंग माल टाक!" पोराने हात घालून पडलेला माल काढला. वरचा थर चढल्यावर हे कुणालाच दिसले नसते, म्हणून अशा भिंतीवर देखरेख ठेवायची ती बांधतानाच.

विटाही निवडून घ्याव्या लागतात. गावठी भट्टीची वाकडी, कडा झडलेली वीट उभी धरली की दोन्ही अंगे एका सुतात येत नाहीत. कोपरे, चौकटींच्या बाजू आणि लिंटेलखालचा थर भरीवच ठेवतात.

या भिंतीकडून भलती अपेक्षा मात्र नको. आरपार विटेतून उष्णता येतेच, आणि एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छत झेलते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या 2018 च्या इको-निवास संहितेतही छताची मर्यादा भिंती-खिडक्यांपासून वेगळी ठरवलेली आहे. भिंत पोकळ बांधून उघडा स्लॅब तापू दिला, तर रात्र उकाड्यातच जायची.

मालक निवृत्त शिक्षक आहेत. खिडकीच्या उंचीपर्यंत काम आले तसे त्यांनी वायरमनला बोलावून घेतले. एरवी वायरमन भिंत झाल्यावर छिन्नी घेऊन येतो. इथे तीन इंची अंग फोडले तर कप्पाच उघडा पडेल. "सर, बोर्ड कुठे येणार ते आत्ताच सांगा," मिस्त्री म्हणाले. सरांनी खडू घेतला आणि कूलरच्या पॉइंटपासून खुणा करायला सुरुवात केली. पाइप आता कप्प्यांतूनच वर जातील.