भाजीपाल्याची घरगुती साठवण

मुळा-मुठेच्या काठचे मांजरी बुद्रुक हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तथापि भाजीपाल्याशी असलेले त्याचे नाते तुटलेले नाही. येथील उपबाजारात आसपासच्या गावांतील शेतकरी आजही मेथी, कोथिंबीर, पालक यांच्या जुड्या घेऊन येतात. बाजारात ताठ दिसणारी हीच जुडी घरी नीट न ठेवल्यास दुसऱ्याच दिवशी मान टाकते. टाकून दिलेल्या अशा प्रत्येक जुडीबरोबर शेतकऱ्याचे श्रम, विहिरीचे पाणी आणि कुटुंबाचा पैसा या तिन्हींचा नाश होतो. हे नुकसान बहुतांशी टाळता येण्याजोगे आहे.

भाजी का नासते ?

खुडल्यानंतरही भाजी जिवंत असते. तिचा श्वसनव्यापार चालू राहतो, त्यातून उष्णता निर्माण होते आणि साठविलेले अन्नांश खर्ची पडतात. दुसरीकडे पानांतील पाणी हवेत उडून जाते. मुळांचा आधार तुटल्यामुळे ते भरून निघत नाही. भाजी कोमेजते तसतसे तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्वही घटत जाते. म्हणून साठवणीचे सूत्र सोपे आहे : श्वसन मंद करावयाचे आणि पाणी राखावयाचे. पहिल्यासाठी गारवा हवा, दुसऱ्यासाठी आर्द्रता.

प्रत्येक भाजीची रीत निराळी

पालेभाजी आणताच जुडी सोडावी, पिवळी व सडकी पाने काढावीत आणि भाजी न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून थंड जागी ठेवावी. पानांवर साचलेले पाणी कुजण्यास आमंत्रण देते. म्हणून धुणे वापरापूर्वीच करावे. गाजर-मुळ्याचा पाला लगेच वेगळा करावा, अन्यथा तो कंदातील ओलावा ओढून घेतो. पिकलेली केळी, आंबे व टोमॅटो यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो व त्यामुळे शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. त्यांची जागा वेगळी असावी.

कांदा व बटाटा यांना खेळती हवा लागते; परंतु दोन्ही एकत्र ठेवू नयेत. बटाटा अंधारात ठेवावा. उजेडाने हिरवा पडलेला बटाटा सोलॅनिन या विषारी द्रव्यामुळे खाण्यास योग्य राहत नाही. शीतकपाट हा सर्वच भाज्यांवरील उपाय नव्हे. वांगी, काकडी, भेंडी यांना फार थंडी सोसत नाही; त्यांवर डाग पडतात व त्या मऊ होतात.

विजेवाचून गारवा

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ विकसित केला. विटांच्या दोन भिंती सुमारे साडेसात सेंटिमीटर अंतर राखून उभारावयाच्या, मधल्या पोकळीत नदीची वाळू भरावयाची आणि ती सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवावयाची. वरून वाळा किंवा गवताचे ओले झाकण घालावयाचे. पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते. त्यामुळे उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअसने उतरू शकते व आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण.

घरापुरती सोय करावयाची तर मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि वर ओले फडके टाकावे. आफ्रिकेतील नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९० च्या दशकात हीच युक्ती खेडोपाडी पोहोचविली. कुंडी मात्र सावलीत व वाऱ्यावर असावी. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही पद्धत उत्तम उपयोगी पडते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने बाष्पीभवन मंदावते व तिचा लाभ अल्प होतो.

गावाने काय करावे ?

शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघराजवळ असा एक शीतकक्ष बांधला, तर भाजी टिकेल आणि विज्ञानाचा धडाही विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळेल. शिक्षकांनी दोन जुड्या, एक उघड्यावर व एक शीतकक्षात ठेवून, दोन दिवसांनी त्यांचे वजन विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. पंचायत सदस्यांनी विटा, वाळू व सावलीच्या जागेची व्यवस्था पाहावी. पिकविण्याइतकेच पिकलेले राखणे हेही उत्पादनच आहे, ही जाणीव घरोघरी रुजणे अगत्याचे आहे.