लुळा हात आणि पडद्यावरचा खेळ

पक्षाघाताच्या झटक्यातून जीव वाचला म्हणजे आजार सरला, असा समज अजूनही सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात हातापायांत बळ परत आणण्याचा टप्पा तेथून पुढे कित्येक महिने चालतो, आणि त्यात बहुधा हात पायापेक्षा मागे राहतो. काठीच्या आधाराने अंगणात फिरू लागलेल्या माणसालाही गाईची धार काढता येत नाही, भाकरी थापता येत नाही, सदऱ्याचे बटण लावता येत नाही, कारण बोटांच्या कामाला मेंदूकडून फार बारीक नियंत्रण लागते आणि झटक्याने नेमके तेच नियंत्रण हिरावून घेतलेले असते.

हा प्रश्न केवळ शहरांचा नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांमधील मृत्यूंचा मागोवा घेऊन ‘सर्च’ या संस्थेचे डॉ. योगेश्वर कालकोंडे, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. साधारणपणे दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू त्याने झालेला होता. बचावलेल्यांच्या वाट्याला पुढे काय येते, हे मिरजगावच्या अंतरांवरून समजून घेता येईल. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील हे गाव अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावर, जिल्ह्याच्या शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. विळद घाटातील विखे पाटील फाउंडेशनचे फिजिओथेरपी महाविद्यालय शहराच्या पलीकडे, तर प्रवरा समूहाचे लोणीचे रुग्णालय त्याहूनही दूर. लुळ्या हाताचा रुग्ण, सोबतीला घरातले एक माणूस, एसटीचा प्रवास आणि दोघांचा बुडालेला दिवस असा हिशेब मांडला, की रोजचे उपचार आठवड्यावर आणि आठवड्याचे महिन्यावर का जातात ते कळते.

आणि येथेच खरी अडचण आहे, कारण हात सुधारतो तो मुख्यतः पुनरावृत्तीने. मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी आजूबाजूच्या मज्जापेशी नव्या जोडण्या करून त्याचे काही काम उचलू शकतात. या क्षमतेला मेंदूची लवचीकता म्हणतात. ती जागी होण्यासाठी मात्र तीच अर्थपूर्ण हालचाल पुन्हा पुन्हा व्हावी लागते. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा हालचाली दिवसाला शेकड्यांनी करवल्या जात, तर अमेरिका व कॅनडातील उपचार केंद्रांत प्रत्यक्ष निरीक्षण करून कॅथरीन लँग यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेली सरासरी एका सत्राला हाताच्या अवघ्या ३२ कामकाजी हालचाली इतकी होती. सुसज्ज केंद्रांची ही स्थिती असेल, तर महिन्यातून एकदा तपासल्या जाणाऱ्या हाताला सराव किती मिळत असेल, हे वेगळे सांगायला नको.

ही तूट भरून काढण्याच्या विचारातून पुनर्वसनाचे यंत्रमानव पुढे आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी विकसित केलेल्या ‘एमआयटी-मॅनस’ या यंत्रात रुग्णाचा हात एका दांड्याला बांधला जातो व समोरच्या पडद्यावरील लक्ष्याकडे तो न्यायचा असतो. हात अडखळला तर मोटर त्याला हलकेच पुढे नेते आणि रुग्ण स्वतः जोर लावू लागला की ती मागे सरते. गरजेपुरतेच साहाय्य देण्याचे हे तत्त्व महत्त्वाचे आहे, कारण यंत्रच सारे काम करू लागले तर हात हलतो, पण मेंदू शिकत नाही.

भारतात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून बनवलेले ‘प्लूटो’ हे यंत्र याच वाटेवरचे, पण आटोपशीर आहे. त्यात मोटर एकच असून तिच्यावर निरनिराळ्या जोडण्या बदलून बसवता येतात, त्यामुळे मनगट वाकवणे, तळहात उताणा-पालथा करणे, मूठ उघडणे-मिटणे असे वेगवेगळे व्यायाम एकाच छोट्या संचावर होतात. रुग्णाने मूठ उघडली की पडद्यावरची वस्तू एका बाजूला सरकावी आणि मिटली की दुसऱ्या, अशा धर्तीचे खेळ या यंत्रांना जोडलेले असतात. ज्याची मूठ जेमतेम उघडते त्याच्यासाठी खेळाची सारी व्याप्ती त्या जेमतेम हालचालीतच बसवता येते, आणि हात सुधारत जाईल तसतशी ती वाढवता येते. बाजारात मिळणाऱ्या साध्या व्हिडिओ गेममध्ये ही सोय नसते. त्याचा रिमोट धरायलाच मुळात मूठ मिटावी लागते, आणि तो पट्ट्याने हाताला बांधला तरी कोपर न हलवता धड झुकवून गुण मिळवण्याची सवय रुग्णाला लागू शकते, जी सुधारणेच्या आड येते.

खेळाच्या बाजूने उत्साह पुष्कळ आहे, म्हणून कठोर चाचण्यांनी काय सांगितले तेही मोकळेपणाने मांडले पाहिजे. कॅनडातील गुस्ताव्हो सापोस्निक यांच्या नेतृत्वाखाली १४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एका गटाला ‘निन्टेन्डो वी’ या व्हिडिओ गेमवरचे खेळ, तर दुसऱ्याला पत्ते, बिंगो, ठोकळ्यांचा मनोरा असे साधे खेळ दिले गेले. दोन्ही गटांचे हात सुधारले आणि दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘रॅटल्स’ चाचणीतही एमआयटी-मॅनसवरील सरावाने हाताच्या कामकाजी क्षमतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस फळ दिले नाही. यंत्र निरुपयोगी आहे, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. पडद्याला स्वतःची जादू नाही, एवढेच त्यातून दिसते. जेथे मनुष्यबळ मुबलक आहे तेथे यंत्राने फार भर घातली नाही, तरी जेथे ते नाहीच तेथील तुलना निराळी असते.

घरच्यांना शिकवून सगळा भार त्यांच्यावर सोपवणे हेही पुरेसे ठरलेले नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत कुटुंबाने करवलेल्या पुनर्वसनामुळे सहा महिन्यांनंतरचे मृत्यू वा परावलंबन कमी झाले नाही. सून किंवा मुलगा आपुलकीने सराव करवतो, पण हालचाल बरोबर होते का, खांदा ओढला जातो का, पुढची पायरी कधी गाठायची, हे त्याला कोण सांगणार? हालचालींची संख्या, आवाका आणि वेग आपोआप नोंदवणारे यंत्र या ठिकाणी खरोखर उपयोगी पडू शकते, कारण ती नोंद शहरातील फिजिओथेरपिस्टला दूर बसून वाचता येते आणि प्रवास न करवता पुढच्या आठवड्याचा सराव ठरवता येतो.

म्हणून मिरजगावसारख्या गावासाठी असा संच एखाद्या घराच्या मालकीचा असण्यापेक्षा सरकारी दवाखान्यात असणे अधिक योग्य आहे, जेथे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील रुग्ण आळीपाळीने येऊ शकतील, खेळाच्या सूचना मराठीत ऐकू येतील आणि खांद्याचे दुखणे किंवा स्नायूंचा ताठरपणा वाढल्यास कोणी तरी सराव थांबवील. तोवर ताटातले ज्वारीचे दाणे चिमटीने उचलून वाटीत टाकणे, पत्ते वाटणे, पाण्याने अर्धा भरलेला तांब्या एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवणे, असा सराव फिजिओथेरपिस्टने एकदा नीट दाखवून दिल्यावर रोज मोजून, वहीत आकडा लिहून करता येतो, आणि ती वही पुढच्या तपासणीला सोबत नेता येते.